नावासारखं नाव: चुकीच्या स्पेलिंगच्या डोमेनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणघाटच्या बाजूला माझं डीटीपीचं आणि वेबसाइटचं छोटं दुकान आहे. बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या, तेलघाणीवाले, मधवाले, हळदवाले लेबल छापायला येतात आणि जाता जाता वेबसाइटचं विचारतात. अलीकडे एक विचारणा वाढली आहे: "भाऊ, आमच्या नावासारखीच दुसरी साइट दिसून राहिली, आता काय करावं?" काउंटरवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून इथे लिहून ठेवतो. अमुकतमुक डॉट कॉम असा जो वेबसाइटचा पत्ता असतो, तो म्हणजे डोमेन. उदाहरणासाठी सगळीकडे 'ओंजळ' हे नाव धरलं आहे. ते मी मनानं घेतलं आहे, कोणत्याही खऱ्या गटाशी त्याचा संबंध नाही.

आमचा धंदा तं सारा व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. आम्हाले डोमेन कायले पाहिजे?

चालतो, मान्य. पण तुमचा डबा एकदा पुण्याला कुणाच्या घरी पोचला, की तिथली शेजारीण तुमचा नंबर शोधत बसत नाही. ती डब्यावरचं नाव मोबाइलमध्ये टाइप करते आणि समोर जे येईल त्यालाच तुम्ही समजते. तुमचं काहीच नसेल तर जागा मोकळी आहे. तिथे हजाराच्या आसपास रुपये खर्चून कुणीही बसू शकतो, आणि तुमच्या डब्याचा फोटो त्याला तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर आयता मिळतो.

वेबसाइट पुढच्या वर्षी करा, घाई नाही. डोमेन मात्र नाव ठरलं त्याच दिवशी घ्या, लेबल छापायच्या आधी. क्रम उलटा झाला की काय होतं ते शेवटच्या प्रश्नात आहे.

मिळतंजुळतं डोमेन म्हणजे नेमकं कसं?

त्याच्या चार-पाच जाती आहेत. एकात एखादं अक्षर गळतं, वाढतं किंवा मागेपुढे होतं. दुसऱ्यात दिसायला सारखी अक्षरं बसवतात: इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की मोबाइलवर एम दिसतो, लहान एल आणि एक हा आकडा सारखे दिसतात, ओ आणि शून्य तर जुळे भाऊ. तिसऱ्यात नाव बरोबर असतं, पण त्याला 'स्टोअर', 'ऑफर', 'नागपूर' असं शेपूट लावलेलं असतं. चौथ्यात नाव तेच आणि डॉट कॉमच्या जागी भलतंच काहीतरी. आपल्या भागात मला सर्वांत जास्त तिसरी जात दिसते. तिच्यात चूक काहीच नसते, त्यामुळे ग्राहकाला शंकाच येत नाही.

पाचवी जात फसवी आहे. पत्ता 'ओंजळ डॉट कॉम'नं सुरू होतो आणि पुढे आणखी एक डॉट देऊन दुसरंच नाव येतं. डोमेन नेहमी उजवीकडून वाचायचं. सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' आणि त्याच्या दोन रेघा सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचे शेवटचे दोन तुकडे, म्हणजे शेवटचं डॉट कॉम आणि त्याच्या लगेच डावीकडचं नाव, तो खरा मालक. त्याच्याही डावीकडे तो मालक वाटेल ते लिहू शकतो. शेवट 'को डॉट इन'सारखा असेल तर तीन तुकडे बघायचे.

आमचं नाव सोपं आहे. त्याचं स्पेलिंग कोण चुकवणार?

तुम्हीच. रागावू नका, पुढे वाचा.

परवा एक ताई लेबलची नवी खेप सांगायला आल्या. सोबत जुनं लेबल, बिलबुक आणि प्रदर्शनातला फ्लेक्स होता. तिन्ही काउंटरवर पसरले. लेबलवर त्यांच्या गावाच्या नावातला 'व' डब्ल्यूनं होता, बिलबुकात व्हीनं. फ्लेक्सवर डब्ल्यूच, पण शेवटी एक ए जास्त. तिन्ही ठिकाणी फोन नंबर एकच, गट एकच, हळद एकच. मी विचारलं, यातलं खरं कोणतं? ताईंनी तिन्हींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मराठीत तं एकच हाय ना."

मुद्दा तिथेच आहे. इंग्रजी ब्रँडच्या नावाचं एक बरोबर स्पेलिंग असतं आणि बाकी सगळी चुकीची. मराठी नाव रोमन अक्षरांत लिहिलं की 'बरोबर' असं काही उरतच नाही. आपल्या जिल्ह्यांचंच बघा. यवतमाळ जुन्या कागदांत 'वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल' होतं, अमरावती 'ए-एम-आर-ए-ओ-टी-आय'. उमरेडच्या शेवटी आज डी आहे, जुन्या लिखाणात तिथे आर सापडतो. बुलढाण्यातला एच काही जण लिहितात, काही जण गाळतात. सरकारचं हे, तर बचत गटाचं काय!

आता ओंजळ घ्या. 'ओंज' मधला 'ज' आपण जहाजातल्या 'ज'सारखा म्हणतो, म्हणून कुणी जे लिहील, कुणी झेड, कुणी जे-एच. 'ळ'ला रोमन अक्षरच नाही. कुणी एक एल, कुणी दोन एल. आपल्याकडे बोलताना त्याचा 'य' होतो, डोळ्याचा डोया होतो तसा, त्यामुळे ऐकून लिहिणारा शेवटी वायसुद्धा ठोकू शकतो. मधला 'अ' एक ए की दोन? अनुस्वार एन की एम? साधी तीन अक्षरं, पण मी एकदा कागदावर मांडली तेव्हा पंचवीसच्या वर रूपं झाली, आणि प्रत्येक रूप एखाद्या शहाण्या, शिकलेल्या माणसाला बरोबर वाटेल असं.

याचा अर्थ असा की आपल्या बाबतीत ठगाला चूक शोधावी लागत नाही. ती आपल्या बिलबुकातच असते.

मग योग्य स्पेलिंग निवडायचं कसं?

एक साधा प्रयोग सांगतो. मी तो प्रत्येक गिऱ्हाइकाकडून करून घेतो. दहा माणसांना फोन लावा. त्यात कॉलेजातली दोन पोरं असू द्या, एक बँकेतला, दोन पुण्या-मुंबईचे नातेवाईक, एखादा हिंदी बोलणारा व्यापारी. फक्त तोंडी नाव सांगा आणि म्हणा, हे इंग्रजीत मला मेसेज करा. स्पेलिंग सांगू नका. दहापैकी सहा-सात जण जे लिहितील ते तुमचं मुख्य डोमेन. उरलेल्यांत जे दोनदा आलं ते दुसरं. ज्योतिषी काय म्हणतो, कोणत्या अक्षरानं बेरीज पाच येते, हे लेबलच्या नक्षीत बसवा हवं तर, डोमेनमध्ये नको. एक जादा ए घालून भाग्य उजळलेलं मी अजून पाहिलं नाही, पण त्या एकाच्या पायी ऑर्डर चुकलेल्या पाहिल्या आहेत.

ठरलं की ते एकच स्पेलिंग सगळीकडे: लेबल, बिलबुक, फ्लेक्स, इन्स्टाग्राम, उद्यम नोंदणी, जीएसटी, बँकेचं खातं. आधार-पॅनवरच्या नावातलं एक अक्षर जुळलं नाही की काय धावपळ होते ते तुम्हाला माहीत आहे. इथेही तेच.

एकूण किती डोमेन घ्यावे?

लहान गटाला तीन ते पाच. मुख्य स्पेलिंगचं डॉट कॉम आणि डॉट इन, दुसऱ्या क्रमांकाच्या स्पेलिंगचं एक, आणि नावात 'व' किंवा 'ळ' असेल तर त्याचं आणखी एक. बाकीचे मुख्य साइटकडे वळवून ठेवायचे. ज्याच्याकडून डोमेन घेतलं त्याच्या पानावर 'फॉरवर्डिंग' असतं, पाच मिनिटांचं काम आहे.

पंचवीसच्या पंचवीस घ्यायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक डोमेन दरवर्षी नूतनीकरण मागतं, आणि पहिल्या वर्षी नव्याण्णव रुपयांत मिळालेलं दुसऱ्या वर्षी पूर्ण दर लावतं. पंचवीस नावांचा वर्षाचा खर्च गटाच्या हळद दळण्याच्या खर्चाला भिडेल. आणि सगळी घेतली तरी ठग 'ऑफर' शब्द जोडून सव्विसावं घेणारच आहे.

डॉट कॉम चांगलं की डॉट इन?

दोन्ही घ्या. एकच घ्यायचं असेल तर माझं मत डॉट इन. ते २००५ पासून सर्वांसाठी खुलं आहे, 'निक्सी' ही भारतीय संस्था ते सांभाळते, आणि तंटा झाला तर इथल्या इथे सुटतो. परदेशी गिऱ्हाईक असेल तर डॉट कॉमला पर्याय नाही.

देवनागरीत डोमेन घेतलं तर स्पेलिंगची कटकटच संपेल ना?

कटकट कमी होते, संपत नाही. देवनागरीतलं 'डॉट भारत' २०१४ मध्ये सुरू झालं, मराठी नाव मराठीत लिहून घेता येतं. मला स्वतःला ते फार आवडतं. पण ग्राहक मोबाइलवर मराठी कीबोर्ड काढून टाइप करेलच असं नाही, म्हणून मुख्य पत्ता म्हणून सुचवत नाही. जोडीला ठेवा.

मराठीतही जुळी रूपं आहेतच. ओंजळ आणि ओन्जळ, ह्रस्व आणि दीर्घ, श आणि ष. 'वऱ्हाड'मधला तो अर्धा र तर दोन तऱ्हांनी टाइप होतो: डोळ्यांना एकच दिसतो, संगणकाला दोन वेगळी अक्षरं वाटतात. शिवाय आतून असे पत्ते 'एक्सएन' आणि दोन डॅशनं सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या माळेत साठवले जातात. ब्राउझरमध्ये कधी तशी माळ दिसली तर घाबरू नका. पण तुमचं नाव मराठी नसून इंग्रजी असेल आणि तरी पत्त्यात एक्सएन दिसलं, तर थांबा. कुणीतरी रशियन लिपीतला 'ए' इंग्रजी 'ए'च्या जागी बसवला असण्याची शक्यता असते. हे दोन्ही 'ए' दिसायला हुबेहूब सारखे असतात.

वेबसाइट करणाऱ्या पोराच्या नावावर डोमेन आहे. चालते का?

नाही. हा प्रश्न कोणी विचारत नाही, मीच विचारतो, कारण मिळत्याजुळत्या डोमेननं झालेल्या नुकसानापेक्षा या एका कारणानं झालेलं नुकसान मी जास्त पाहिलं आहे.

माझीच चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात मी दोन-तीन गटांची डोमेनं माझ्याच खात्यातून घेतली होती. सोयीचं वाटलं. त्यातल्या एकाच्या नूतनीकरणाची मेल माझ्या जुन्या, न उघडलेल्या ईमेलवर येत राहिली. दिवाळीच्या तोंडावर गटाच्या अध्यक्ष मावशींचा फोन आला, "भाऊ, आपल्या पानावर जुगाराची जाहिरात येऊन राहिली." डोमेन सुटून दुसऱ्यानं उचललं होतं. आमचंच नाव, एकही अक्षर न चुकता, दुसऱ्याच्या हातात. त्या वर्षी मी त्यांची लेबलं फुकट छापून दिली, पण डोमेन परत आलं नाही.

तेव्हापासून नियम असा: खातं गटाच्या ईमेलवर, मोबाइल सचिवाचा आणि दुसरा अध्यक्षांचा, पासवर्ड गटाच्या ठराव-वहीत पाकिटात बंद. दुहेरी पडताळणी सुरू. 'ट्रान्सफर लॉक' सुरू, म्हणजे डोमेन परस्पर दुसरीकडे हलवता येत नाही. नोंदणी एका वेळी दहा वर्षांपर्यंत करता येते. एखादं अनुदान आलं आणि पैसे हाताशी असले तर मुख्य डोमेनचे निदान पाच वर्षांचे भरून टाका.

डोमेनची मुदत संपली तर लगेच जाते का?

लगेच नाही. डॉट कॉमच्या बाबतीत मुदतीनंतर डोमेन विकणाऱ्या कंपनीनुसार ४५ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, मग ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही आणि त्यानंतर ते बाजारात खुलं होतं. पण या सवलतीवर विसंबू नका. बऱ्याच कंपन्या मधल्या काळातच ते लिलावात काढतात.

चीनमधून मेल आली: "तुमच्या नावाचं डोमेन दुसरी कंपनी नोंदवत आहे, आज उत्तर द्या." खरं आहे का?

खोटं. वर्षानुवर्षं फिरणारी फसवणूक आहे ही. तुम्हाला घाबरवून पाच-सहा निरुपयोगी डोमेनं महागात विकायची असतात. उत्तर न देता पुसून टाका. तशीच नूतनीकरणाच्या बिलासारखी दिसणारी मेल भलत्याच कंपनीकडून येते. तुम्ही जिथून डोमेन घेतलं, तिथे स्वतः पत्ता टाइप करून लॉगिन करायचं आणि बघायचं, मेलमधली लिंक दाबायची नाही.

त्या साइटच्या पत्त्याजवळ कुलूप दिसते, म्हणजे ती खरी ना?

कुलुपाचा अर्थ एवढाच की तुमच्या मोबाइलपासून त्या साइटपर्यंतची वाट बंदिस्त आहे. वाटेच्या टोकाला चोर बसला आहे की साव, ते कुलूप सांगत नाही. ज्यामुळे कुलूप दिसतं ते प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, ठगालाही. हा गैरसमज इतका पसरला की क्रोम ब्राउझरनं २०२३ मध्ये कुलपाचं चिन्हच काढून टाकलं. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं वेगळी वाट धरली: 'बँक डॉट इन' हे शेपूट फक्त बँकांनाच मिळतं, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना तिकडे जायला सांगितलं. हळदवाल्यांना अशी सोय नाही.

ग्राहकानं खोट्या साइटवर पैसे भरले आणि आता तो आम्हाले शिव्या देते. काय करावं?

आधी शिव्या ऐकून घ्या. त्याचे पैसे गेले आहेत आणि त्याच्या लेखी ते तुम्हीच घेतले. मग ताबडतोब त्याला १९३० वर फोन करायला लावा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोचली तर रक्कम गोठवता येते, म्हणून तास महत्त्वाचे, दिवस नव्हे. तक्रार त्यानं करायची आहे, कारण व्यवहार त्याच्या खात्यातून झाला. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही करता येते. तुमचं नाव वापरलं म्हणून तुम्ही वेगळी तक्रार द्या.

ठाण्यात जाताना कागद बरोबर न्या. खोट्या साइटचे स्क्रीनशॉट, पूर्ण पत्ता दिसेल असे आणि तारखेसह. ज्या यूपीआय नंबरवर पैसे गेले तो. तुमचं डोमेन कधीपासून तुमचं आहे याची पावती. लेबलचं सर्वांत जुनं बिल, छपाईवाल्याकडून मिळालं तरी चालेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड याच कामाचं आहे: संगणकाच्या साधनानं दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तुमच्या ठाण्यातल्या जमादारांना हे कलम तोंडपाठ असेलच असं नाही. चिठ्ठीवर लिहून न्या, नम्रपणे पुढे करा.

आणि त्याच दिवशी तुमच्या सगळ्या ग्रुपवर, स्टेटसवर खरा पत्ता मोठ्या अक्षरांत टाका. खोटा पत्ता त्यात लिहू नका. लोक तोच उघडून बघतात.

ती साइट बंद कशी करायची?

तीन दारं ठोठवायची, एकाच दिवशी. डोमेन कुणाकडून नोंदवलं आहे ते 'हूइज' या डोमेनांच्या नोंदी दाखवणाऱ्या शोधात दिसतं. मालकाचं नाव बहुतेक झाकलेलं असतं, पण नोंदणी कंपनीचं नाव आणि गैरवापराच्या तक्रारीचा ईमेल दिसतो. तिथे लिहा. दुसरं दार, साइट ज्या सर्व्हरवर आहे ती होस्टिंग कंपनी. तिसरं, गूगलचा फसव्या साइट कळवण्याचा फॉर्म. तिथे मान्य झालं की ब्राउझर लाल पडदा दाखवतो, आणि निम्मं काम तिथेच होतं.

डॉट कॉमसारख्या डोमेनांच्या नोंदणी कंपन्यांवर एप्रिल २०२४ पासून करारानंच बंधन आलं आहे: फसवणुकीचा ठोस पुरावा मिळाला की त्यांना काहीतरी पाऊल उचलावं लागतं. पुरावा 'ठोस' हवा. "आमचं नाव चोरलं, लवकर काहीतरी करा" अशी मेल कुणी वाचत नाही. कोणत्या पत्त्यावर, कोणत्या तारखेला, कोणता फोटो तुमचा, पैसे कुठे मागितले, हे चार ओळींत लिहा आणि स्क्रीनशॉट जोडा.

ट्रेडमार्क काढावा का? खर्च किती?

काढा. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लहान उद्योगांना मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, बाकीच्यांना ९,०००. उद्यम नोंदणी असेल तर तुम्ही पहिल्या रकान्यात. नोंदणी दहा वर्षं चालते, पुढे वाढवता येते. वर्ग नीट निवडा: हळद, तिखट, मध ३० मध्ये, खाद्यतेल आणि लोणचं २९ मध्ये, ताजी संत्री ३१ मध्ये. इथेही मराठी आणि रोमन दोन्ही रूपं लोगोत एकत्र असतील तर पुढे वादात उपयोग होतो.

'शुद्ध मध' किंवा 'गावरान तेल' असं नाव असेल तर नोंदणी मिळणं अवघड, कारण ते मालाचं वर्णनच झालं. अशा नावाचं मिळतंजुळतं डोमेन कुणी घेतलं तर तुमच्या हातात फारसं काही नसतं. नाव ठेवतानाच हे डोक्यात ठेवा.

नोंदणी नसेल तरी अगदीच पोरके नाही. आपल्या नावाखाली दुसऱ्यानं माल खपवला तर दावा नोंदणीशिवायही होतो. दिल्ली उच्च न्यायालयानं १९९९ मध्ये 'याहू इंडिया' या डोमेनच्या प्रकरणात तसं केलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये 'सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट' या खटल्यात डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळतं हे सांगितलं. 'सिफी'त एक एफ जास्त आणि पुढे 'नेट'चं शेपूट, एवढाच तर फरक होता. मात्र नोंदणी नसली की नाव तुमचं आहे हे आधी सिद्ध करत बसावं लागतं, म्हणून जुनी बिलं जपा.

आमच्या हळदीले तं जीआय आहे. त्यावरून डोमेन थांबवता येते का?

जीआय आणि ब्रँड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या भागात यांची भेसळ फार होते. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद, भिवापूरची मिरची, नागपूरचं संत्रं यांना जीआय, म्हणजे भौगोलिक निर्देशांक आहे. तो त्या मुलखाच्या सगळ्या उत्पादकांचा असतो, एकट्याच्या ट्रेडमार्कसारखा नोंदवता येत नाही. म्हणून 'नागपूर संत्रा' असलेलं डोमेन शेजारच्या गटानं आधी घेतलं तर ते तुमचं चोरलं असं होत नाही, तो तुमच्यापेक्षा लवकर उठला एवढंच. पण इंदूरचा कुणी भलतीच हळद वायगावची म्हणून त्या नावाच्या साइटवर विकत असेल, तर जीआयची नोंदणी ज्या संस्थेच्या नावावर आहे ती आणि अधिकृत वापरकर्ते कारवाई करू शकतात. तुमचं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेलं नसेल तर ते आधी नोंदवा. बहुतेकांचं नसतं.

मी डोमेनसाठी नेहमी सांगतो: मुलखाचं नाव पोटात असू द्या, पण तोंडाला स्वतःचं नाव लावा.

कोर्टात न जाता डोमेन परत मिळते का?

मिळू शकतं. डॉट इनसाठी निक्सीची 'आयएनडीआरपी' ही लवाद पद्धत आहे. लवाद बसल्यापासून साठ दिवसांत निकाल द्यायचा असा नियम आहे. डॉट कॉमसाठी तशीच १९९९ पासूनची 'यूडीआरपी' आहे. त्यासाठी जिनिव्हाच्या 'वायपो'कडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे गेलात तर पाच डोमेनपर्यंत एका पंचाची फी १,५०० डॉलर, वकील वेगळा. बचत गटानं त्या वाटेला जाऊच नये. लाखभर खर्चून हजाराचं डोमेन सोडवण्यात शहाणपण नाही.

दोन्हीकडे तीन गोष्टी दाखवायच्या असतात: डोमेन तुमच्या नावाशी गोंधळ होण्याइतकं मिळतं, समोरच्याचा त्या नावावर रास्त हक्क नाही, आणि त्याची नियत खोटी. फरक एकच, पण कामाचा. डॉट कॉमवर नोंदणीही वाईट हेतूनं आणि वापरही वाईट हेतूनं झाला हे दोन्ही दाखवावं लागतं. डॉट इनवर दोहोंपैकी एक पुरतं. मी डॉट इनकडे झुकतो त्याचं हेही एक कारण.

समोरचा खरंच त्याच नावाचा दुकानदार निघाला तर?

तर भांडण नाही. ओंजळ नावाचं कापडाचं दुकान सांगलीला असेल, आणि त्यानं तुमच्या आधी डोमेन घेतलं असेल, तर ते त्याचंच. त्याला वकिलाची नोटीस पाठवून फुकट शत्रू करू नका. एकदा असाच एक दुकानदार फोनवर भेटला. आमच्या गटाच्या चुकून आलेल्या ऑर्डरी तो स्वतःहून पुढे पाठवत होता. शेवटी आम्ही त्याच्या साइटवर 'हळदीसाठी इथे बघा' अशी ओळ टाकून घेतली आणि दिवाळीला त्याला दोन किलो हळद पाठवली.

एक जण म्हणते, "डोमेन माझ्याकडे आहे, पन्नास हजार द्या." घ्यावं का?

नाही. पहिल्या फोनला तर मुळीच नाही. फोन झाला असेल तर त्याला लिहून विचारा, किंमत लिहूनच येऊ द्या. तुमच्या नावाचं डोमेन तुम्हालाच चढ्या भावानं विकायला काढणं हा लवादात खोट्या नियतीचा पुरावा धरला जातो.

साइट नाही, पण ईमेल वापरतो. त्यात काय धोका?

ठोक व्यापार असेल तर सर्वांत मोठा धोका इथेच. व्यापाऱ्याला मेल जाते: "आमचं बँक खातं बदललं, पुढचे पैसे या खात्यात टाका." पाठवणारा पत्ता तुमचाच वाटतो, फक्त एक एल जास्त. जिनिंगवाले, डाळ मिलवाले यांनी व्यापाऱ्याला आजच सांगून ठेवावं: खातं बदललं तर आम्ही मेल करणार नाही, नेहमीच्या नंबरवरून बोलू.

स्वतःच्या डोमेनवर ईमेल असेल तर 'एसपीएफ', 'डीकिम' आणि 'डीमार्क' या तीन नोंदी करून घ्या. त्या नीट लावल्या की तुमच्याच पत्त्याचं सोंग घेणं अवघड होतं. एक अक्षर वेगळं असलेल्या डोमेनला मात्र त्या अडवत नाहीत, तो माणूस स्वतःच्याही नोंदी नीट करून बसतो. आणि जीमेल वापरत असाल तर एक गंमत: नावातल्या टिंबांना जीमेल मोजत नाही, टिंब चुकलं तरी मेल तुम्हालाच येते. अक्षर चुकलं तर दुसऱ्याला.

लक्ष कसं ठेवायचं? रोज कोण बघणार?

रोज नको. महिन्यातून एकदा, गटाच्या बैठकीच्या दिवशी, दहा मिनिटं. तुमच्या यादीतली पाच-सात स्पेलिंगं मोबाइलवर टाकून बघा. गूगल अलर्टवर नाव लावून ठेवा, ते नाव नव्यानं कुठे दिसलं की मेल येते. कॉलेजातलं एखादं पोरगं हौशी असेल तर त्याला 'डीएनएसट्विस्ट' हे फुकट साधन दाखवा, ते एका नावाची शेकडो रूपं करून कोणती नोंदलेली आहेत ते सांगतं. फक्त ते इंग्रजी कीबोर्डच्या हिशेबानं विचार करतं. 'ळ'चा 'य' होतो हे त्याला कोण सांगणार? ती यादी तुम्हालाच करावी लागेल.

ग्राहकानं पत्ता टाइपच करू नये अशी काही सोय?

डब्यावर क्यूआर छापा. तो तुमच्या स्वतःच्या डोमेनचा असू द्या, फुकटच्या लिंक-छोटी-करणाऱ्या साइटचा नको. ती उद्या बंद पडली की सगळे डबे मुके. प्रदर्शनात टेबलावरच्या पैशाच्या क्यूआरवर कुणी दुसरा चिकटवला नाही ना, ते सकाळी दुकान मांडताना नखानं खरवडून बघा. आणि पैसे भरताना मोबाइलवर जे नाव दिसतं तेच डब्यावर बारीक अक्षरांत छापा: 'पैसे भरताना हे नाव दिसेल'. या एका ओळीचा मला जितका फायदा दिसला तितका कशाचाच नाही.

चार हजार लेबलं छापून पडली आहेत आणि त्यावर जुनं, वेगळं स्पेलिंग आहे. फेकायची का?

अजिबात नाही. लेबलवरचं ते स्पेलिंग मोकळं असेल तर तेच डोमेन आज घ्या आणि मुख्य साइटकडे वळवा. चार हजार लेबलांच्या छपाईपुढे तो खर्च काहीच नाही. लेबलं संपेपर्यंत वापरा, पुढच्या खेपेला नवं स्पेलिंग लावू. ते जुनं डोमेन मात्र लेबलं संपली तरी सोडू नका. हळद संपल्यावर त्या डब्यात जिरं भरलं जातं, आणि तुमचं नाव आणखी पाच-सात वर्षं कुणाच्या तरी स्वयंपाकघरात फळीवर उभं असतं.